अडथळा वेशीवरून घरात आला

घरातलं नेट हळू चालायला लागलं की पहिला संशय कंपनीवर जातो. मग कस्टमर केअरला फोन, मग मोठा प्लॅन, आणि तरीही मागच्या खोलीत व्हिडिओ गोल फिरतच राहतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा संशय बहुतेक वेळा बरोबर असायचा. फायबर आलेल्या घरांत आज तो बऱ्याचदा चुकीचा निघतो. मधल्या काळात काय बदललं हे माहीत असेल, तर दुकानात कोणतं खोकं उचलायचं आणि कोणतं परत ठेवायचं हे ठरवणं सोपं जातं. हा लेख त्या बदलाच्या इतिहासाचा आहे, आणि मी तो नळदुर्गच्या एका जुन्या घरातून सांगतोय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, काम नळदुर्गच्या घरातून. घर पणजोबांच्या काळातलं आहे. भिंती दगड-मातीच्या, काही ठिकाणी अडीच फूट जाड, आणि वर माळवद. ओसरीलगतच्या खोलीत माझे दिवसभर कॉल चालतात. रस्त्याच्या बाजूला बाबांचं किराणा दुकान आहे, तिथे क्यूआर कोडवर पैसे येतात. माजघरात धाकटी बहीण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिचे वर्ग ऑनलाइन, सराव परीक्षाही ऑनलाइन. कॉल तुटत नाहीत तोवर घरून काम करा, असं माझ्या कंपनीचं सरळ म्हणणं आहे. म्हणजे आमच्यातली दोन माणसं गावात राहू शकतात की नाही, हे बरंचसं घरातल्या तारा आणि डब्यांवर अवलंबून आहे. लहान गावातल्या अनेक घरांत आज हीच परिस्थिती आहे.

जेव्हा वेशीवरच अडत होतं

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं. विदेश संचार निगमची ती सेवा होती आणि टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडावी लागायची. पुढे मोडेम सुधारले, तरी साध्या फोनच्या तारेवर ५६ किलोबिटच्या वर जाता येत नव्हतं. २००४ साली सरकारने ब्रॉडबँड धोरण आणलं, तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या ठरली. आज एक बरा व्हिडिओ कॉलसुद्धा तेवढ्यात नीट चालणार नाही.

आता त्या काळातलं घरातलं सामान बघा. तेव्हाचा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जुना नेटवर्क हबसुद्धा १० मेगाबिटचा होता. २५६ किलोबिटच्या तुलनेत हे जवळजवळ चाळीस पट झालं. म्हणजे बाहेरून पाण्याची करंगळीएवढी धार येत होती आणि घरातला पाइप हाताएवढा होता. माझा दहावीचा निकाल मी सायबर कॅफेत पाहिला. तिथे सगळे कॉम्प्युटर एकाच लाइनवर असायचे आणि निकालाच्या दिवशी पान उघडायला कितीतरी वेळ लागायचा. कॅफेवाल्याने कितीही महागडा स्विच आणला असता तरी त्यात फरक पडला नसता. अडथळा वेशीवर होता.

त्या काळात आपल्याला एक सवय लागली: नेट हळू म्हणजे कंपनी वाईट. सामान बदललं, पण सवय तशीच राहिली.

फायबर दाराशी आलं

घरोघरी फायबर पोचवण्याचं आज सर्रास वापरलं जाणारं तंत्र म्हणजे जीपीऑन. त्याचं मानक २००३ सालचं आहे. एका फायबरवरून सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट येतात आणि वाटेतल्या एका स्प्लिटरमधून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. स्प्लिटरला वीजही लागत नाही, कारण तो फक्त प्रकाश विभागतो. घरात जो पांढरा डबा बसवतात, तो या प्रकाशाचं रूपांतर आपल्या ओळखीच्या नेटवर्कमध्ये करतो.

आमच्या गल्लीत फायबर आलं तेव्हा आम्ही २०० मेगाबिटचा प्लॅन घेतला. लॅपटॉप तारेने राऊटरला जोडून वेग मोजला, तर आकडा ९४. दुसऱ्या दिवशी ९४. रात्री दोन वाजता मोजला तरी ९४. कंपनीकडून कमी येत असतं तर आकडा गर्दीप्रमाणे वर-खाली झाला असता. रोज तंतोतंत तोच आकडा येतो, म्हणजे मधे काहीतरी झाकण आहे.

ते झाकण राऊटरच्या पाठीमागे होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३०० लिहिलेलं होतं, पण तो वायफायचा कागदावरचा आकडा. मागचे केबलचे पोर्ट १०० मेगाबिटचे. १०० च्या पोर्टमधून पत्ते, शीर्षकं वगैरे नेटवर्कची स्वतःची हमाली वजा जाता ९४-९५ हातात राहतात. फायबरच्या डब्यातून नेट या पोर्टमधूनच राऊटरमध्ये शिरत होतं, त्यामुळे पुढे वायफाय ३०० चं असो की ३,००० चं, काही उपयोग नव्हता. असे राऊटर अजूनही विकले जातात. विकत घेताना खोक्याची पुढची बाजू सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे १०/१००/१००० किंवा 'गिगाबिट' असं लिहिलेलं हवं.

हाच आकडा केबलमुळेही येऊ शकतो. १०० मेगाबिटचं एथरनेट १९९५ साली आलं. ते केबलमधल्या आठ तारांपैकी चारच वापरतं. तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट १९९९ चं, त्याला आठही तारा लागतात. उंदराने एक तार कुरतडली किंवा क्लिपमध्ये एक तार नीट बसली नाही, तर दोन्हीकडचे डबे आपसांत ठरवून गुपचूप १०० वर उतरतात. नेट बंद पडत नाही, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. त्यामुळे ९४ दिसलं की आधी केबल बदलून बघायची, ती वीस-तीस रुपयांची गोष्ट असू शकते.

एका तारेवर सगळे

राऊटर, स्विच, हब हे शब्द दुकानात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. ते वेगळे का आहेत, हे त्यांच्या जन्माच्या क्रमावरून कळतं.

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले. या जाळ्याचं नाव अलोहानेट. नियम अगदी साधा होता: ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. दोघं एकाच वेळी बोलले तर दोघांचंही वाया जाईल, मग थोडं थांबून पुन्हा बोलावं. गर्दी वाढली की या पद्धतीत उपलब्ध वेळेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच कामी येतो, हे गणिताने सिद्ध झालं.

कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी अलोहानेटचा अभ्यास केला होता. २२ मे १९७३ च्या टिपणात त्यांनी तोच विचार तारेवर आणला आणि त्याला एथरनेट नाव दिलं. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी बांधलेल्या पहिल्या जाळ्याचा वेग २.९४ मेगाबिट होता. सुधारणा अशी की बोलण्याआधी कान द्यायचा, आणि बोलताना टक्कर झाली तर लगेच गप्प व्हायचं. पण तार एकच होती, सगळ्यांची मिळून. पाराजवळच्या गप्पांत एका वेळी एकानेच बोलावं, तसं.

१९९० मध्ये टेलिफोनसारख्या पीळ दिलेल्या तारांवर एथरनेट चालवण्याचं मानक आलं. प्रत्येक कॉम्प्युटरची वायर मधल्या एका डब्यात जाऊ लागली. तो डबा म्हणजे हब. दिसायला वायरी वेगळ्या झाल्या, पण हब एका पोर्टवर ऐकलेलं बाकी सगळ्या पोर्टवर ओरडून सांगायचा. पार तोच राहिला.

खरा बदल त्याच वर्षी एका छोट्या कंपनीने केला. तिचं नाव कल्पना. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज तिचे सहसंस्थापक होते आणि कंपनीला त्यांनी आपल्या पत्नीचं नाव दिलं होतं. कल्पनाच्या इथरस्विच या यंत्राला सात पोर्ट होते. कोणत्या पोर्टवर कोण बसलंय, हे ते लक्षात ठेवायचं आणि ज्याचं पत्र त्यालाच द्यायचं. त्यामुळे पहिला आणि तिसरा बोलत असताना दुसरा आणि पाचवाही एकमेकांशी पूर्ण वेगाने बोलू शकले. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली. आज हजार-बाराशे रुपयांना मिळणारा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच त्याच कल्पनेवर चालतो. कुणी जुना हब फुकट देत असेल तर घेऊ नका. तो घराला पुन्हा पारावर नेऊन बसवेल.

हवेत पुन्हा गर्दी

तारेवरची गर्दी अशी संपली. आणि मग आपण तार काढून टाकली.

१९८५ मध्ये अमेरिकेने काही रेडिओ पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. त्यावर १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं, वेग २ मेगाबिट. १९९९ मध्ये ११ मेगाबिटचं आलं आणि 'वायफाय' हे नावही. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्यानुसार रेडिओ यंत्र बाळगायलाही परवाना लागायचा. आपल्या आजोबांच्या पिढीला साध्या रेडिओसाठी पोस्टातून लायसन्स काढल्याचं आठवत असेल. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या यंत्रांना त्यातून सूट देणारे नियम २००५ मध्ये निघाले. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये मोकळा झाला. आज आपण दोन पट्ट्यांचा राऊटर सहज विकत घेतो, त्यामागे हे दोन निर्णय आहेत.

हवा मात्र सगळ्यांची एकच असते. एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीचे कान देऊन थांबतात. म्हणजे नियम पुन्हा अलोहानेटच्या घराण्यातला. त्यात एखादं यंत्र लांब असेल किंवा जुनं असेल तर ते हळू बोलतं, आणि तेवढा वेळ बाकीचे खोळंबतात. बाबांचा जुना फोन दुकानातून ओसरीतल्या राऊटरशी बोलताना माझ्या कॉलचा वेळ खातो, तो असा. २०१९ पासून बाजारात आलेल्या वायफाय ६ ने यावर एक तोडगा काढला: एकाच वेळी चॅनलचे तुकडे करून अनेक यंत्रांना वाटून देता येतात. पण त्यासाठी फोन आणि लॅपटॉपही वायफाय ६ चे लागतात.

आणि मग भिंत. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची सुमारे सहा. आखूड लहरी भिंतीत जास्त लवकर विझतात. जाहिरातीतले आकडे एकाच खोलीतले असतात. आमची अडीच फुटांची दगड-मातीची भिंत, त्यात पावसाळ्यात मुरलेली ओल. ओसरीत ५ गिगाहर्ट्झवर उत्तम वेग, माजघरात तो पट्टा दिसतच नव्हता, आणि २.४ वर सहा-सात मेगाबिट. बहिणीची सराव परीक्षा एकदा मधेच तुटली तेव्हा ती म्हणाली, "दादा, असंच चालणार असेल तर मी पुण्यालाच जाते. अभ्यासिकेत निदान नेट तरी असतं." कॉट, मेस आणि अभ्यासिका यांचा महिन्याचा हिशोब बाबांनी दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवला होता. तो पाहिल्यावर नेटचा प्रश्न मी नीट हातात घेतला.

दुकानदार अशा वेळी दोन गोष्टी सुचवतो. पहिली रिपीटर. तो स्वस्त असतो, पण साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा सांगितली जाते, म्हणजे वेग साधारण निम्मा. शिवाय तो माजघरात ठेवला तर त्याच्याकडे आधीच अशक्त झालेला सिग्नल येतो, आणि तोच तो पुढे देतो. दुसरी गोष्ट मेश, म्हणजे एकमेकांशी बोलणारे दोन-तीन डबे. सिमेंटच्या फ्लॅटमध्ये तो चांगला पर्याय आहे. पण त्या डब्यांनाही एकमेकांशी बोलायला त्याच भिंतीतून जावं लागतं.

यातून सुटायचा मार्ग जुनाच आहे. भिंतीतून तार न्यायची आणि हवेचा वापर फक्त खोलीच्या आत ठेवायचा. ज्या खोलीत लोक बसतात तिथे एक छोटा ॲक्सेस पॉइंट, आणि तो मागून केबलने जोडलेला. एथरनेटची केबल शंभर मीटरपर्यंत वेग न गमावता जाते. आमच्या घरात सगळ्यात लांबचं अंतर पंचवीस मीटर भरलं. भिंतीला भोकही पाडावं लागलं नाही, दरवाजांच्या चौकटीवरून वायर नेली. केबल घेताना एक बघा: टोक खरवडून आत तांबडा रंग दिसला पाहिजे. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशा केबल स्वस्त मिळतात. त्या लवकर तुटतात आणि लांब अंतरावर दगा देतात.

रांगेचं गणित

वेग वाढल्यावरही एक तक्रार उरते. एरवी सगळं छान चालतं, पण कुणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला की कॉल अडखळतो. वेग मोजला तर भरपूर असतो. इथे अडतं ते रांगेत.

राऊटर आणि मोडेममध्ये थोडी साठवणूक असते. पुढे वाट अरुंद असेल तर आलेलं त्यात थांबतं. मेमरी स्वस्त झाली तशी ही साठवणूक मोठी होत गेली. २०१० मध्ये बेल लॅब्जमधले जिम गेटिस घरातूनच एक मोठी फाइल पाठवत होते, आणि तेवढा वेळ घरातल्या बाकीच्यांचं नेट रेंगाळत होतं. शोध घेतल्यावर लक्षात आलं की गरजेपेक्षा मोठ्या साठवणुकीमुळे छोटी, तातडीची पत्रं मोठ्या रांगेच्या शेपटीला अडकतात. या दुखण्याला त्यांनी बफरब्लोट म्हटलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल हा उपाय मांडला. त्यात रांग किती लांब आहे याऐवजी तिथे किती वेळ थांबावं लागतंय, हे बघितलं जातं. पुढे प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग करण्याची जोड त्याला मिळाली.

नळदुर्गच्या माणसाला हे समजायला किल्ल्यात जावं. बोरी नदीवर मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारा बंधारा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो बांधला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी नर आणि मादी या दोन धबधब्यांनी खाली येतं. लोक फोटो काढतात ते धबधब्यांचे. पण बांधणाऱ्याने पाणी अडवण्याइतकाच विचार ते कुठून आणि कसं सोडायचं याचा केला होता, म्हणून पाणीमहाल आजही उभा आहे. राऊटर बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी बरीच वर्षं फक्त तलाव मोठा केला.

विकत घेताना याचा अर्थ असा: राऊटरमध्ये रांगेचं नियंत्रण आहे का ते बघायचं. सेटिंगमध्ये ते एसक्यूएम या नावाने असतं. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर ज्या राऊटरवर चालतं, त्यांत ते बसवता येतं. त्यात वेगाची मर्यादा प्लॅनपेक्षा थोडी खाली ठेवायची, २०० असेल तर १८० च्या आसपास. मग रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या डब्यात लागते, आणि तिथे शिस्त लावता येते. या कामाला प्रोसेसर लागतो, म्हणून अगदी स्वस्तातला राऊटर इथे दमतो.

शेवटी काय घेतलं

मुख्य राऊटर गिगाबिट पोर्टचा, वायफाय ६ चा, रांग सांभाळणारा. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, तो ओसरीच्या कोनाड्यात बसला. तांब्याची केबल, दोन फेऱ्या. माजघरात एक ॲक्सेस पॉइंट, आणि परीक्षेच्या वेळी लॅपटॉपला थेट लावायला एक मोकळी वायर. ३०० लिहिलेला जुना राऊटर टाकून दिला नाही. त्याची पत्ते वाटण्याची सेटिंग बंद करून तो दुकानात ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला. क्यूआरचे पैसे यायला १०० चा पोर्ट गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. फायबरचा डबा, राऊटर आणि स्विच यांना लाइट गेल्यावर चालू ठेवायला बारा व्होल्टच्या छोट्या बॅटऱ्या घेतल्या. त्या घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून घ्यावे लागतात. प्लॅन तोच ठेवला. माजघरात आता तारेवर १७५ च्या आसपास येतात, आणि वहीतलं ते मागचं पान सध्या तरी तसंच पडून आहे.

तुमच्या घरात क्रम वेगळा निघेल, पण तपासायची पद्धत हीच राहील. आधी लॅपटॉप वायरने थेट फायबरच्या डब्याला लावून मोजा. तिथे प्लॅनइतका वेग येत नसेल तर कंपनीशी भांडा, हक्काने भांडा. येत असेल तर एकेक पाऊल आत या: राऊटरच्या मागे मोजा, मग वायफायवर त्याच खोलीत, मग भिंतीपलीकडे. जिथे आकडा कोसळतो, पैसे तिथे खर्च करायचे. सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ मेगाबिटवर नेली आणि गावोगावी फायबर पोचतंय. वेस रुंद होत राहील तसं अडण्याचं ठिकाण पुन्हा बदलेल. तेव्हा खोकं विकत घेण्याआधी ते ठिकाण शोधायला एक केबल आणि अर्धा तास लागतो, आणि नवं सामान न आणताच काम भागण्याची शक्यता त्या अर्ध्या तासातच सगळ्यात जास्त असते.